इंजिन न उतरवता

बोट अडकलं तेव्हा मिस्त्री ओरडला नाही. ओरडला असता तर गॅरेजमागच्या घरातून बायको आली असती, आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

गिऱ्हाइकाची मोटारसायकल गोणपाटावर डाव्या कुशीवर आडवी पडली होती. इंजिन न उतरवता गिअरचं काम करावं ते मिस्त्रीनेच, असं लोक म्हणत. गाडी आडवी घालायची, म्हणजे तेल सांडत नाही. वर आलेलं झाकण काढायचं आणि आतली तुटलेली स्प्रिंग बदलायची. सगळं खोलत बसायची त्याला मुळातच हौस नव्हती. नवी स्प्रिंग बसली होती. आता गिअर पडतात का ते बघायचं, तर मागचं चाक फिरवत राहायला दुसरा माणूस लागतो. हा दुसरा माणूस म्हणजे एरवी बायको. पण ती चाकाशी बसली की लेकीचा विषय निघणार, म्हणून आज या शहाण्याने तिला हाकच मारली नाही. पायानेच चाक ढकललं. तेवढ्यात एक वॉशर आत घसरला, तो काढायला त्याने बोट घातलं, आणि पाय थांबायच्या आत आतल्या दोन दातेरी चाकांनी बोट धरलं.

सुटायचं तर मागचं चाक उलटं फिरायला हवं होतं. पायाने ते पुढे ढकलता येत होतं, मागे ओढता येत नव्हतं. त्याने अंग वाकडंतिकडं करून पाहिलं. कळ डोक्यात गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी त्याने हाक मारली, तीही अशा बेताने की जणू प्यायला पाणीच हवं होतं.

बायको ओले हात पुसत आली आणि बघून पांढरीफटक पडली. धावत जाऊन चाकाशी बसली, दोन्ही हात टायरवर ठेवले.

"मागे घे. हळू," तो म्हणाला. "पुढे गेलं तर बोट गेलं."

तिला हे सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं तीच फिरवत आली होती. पण तिचे हात टायरवर तसेच राहिले.

"आज उठून जाता येत नाही ना तुम्हाला," ती म्हणाली.

लेकीने सासरहून आईला सांगितलं होतं, मला इथून घेऊन जा. पण बाबांनी ये म्हटल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. हे बोलायला बायकोने तोंड उघडलं रे उघडलं, की मिस्त्रीला गॅरेजातलं काहीतरी काम आठवायचं. एकदा तर तो भरल्या ताटावरून उठला होता. लग्न त्यानेच ठरवलेलं. पोरगी परत आली तर चारचौघांत कुठल्या तोंडाने वावरायचं, हे त्याचं खरं दुखणं. शिवाय त्याने स्वतः फोन केला की लेक मजेत आहे म्हणायची. मग झालं तर.

"ती येऊ का विचारतेय. काय सांगू तिला?"

"अगं, आधी चाक..."

"काय सांगू?"

"हो सांग. येऊ दे. तू म्हणशील तसं. पण फिरव आता."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. घामाने डबडबलेला तो माणूस त्या क्षणी कशालाही हो म्हणाला असता. तिने श्वास रोखला आणि चाक मागे घेतलं, आधी केसभर, मग आणखी थोडं. बोट सुटलं. नख काळंनिळं झालं होतं, कातडं सोललं होतं, पण हाड शाबूत होतं. तिने स्वच्छ फडकं ओलं करून बोटाला गुंडाळलं. आपण हे काय केलं म्हणून तिला लाज वाटत होती, आणि राग तर अजून तसाच होता.

"तुमचं ते हो मी धरत नाही," ती म्हणाली. "अडकलेलं माणूस काय, काहीही म्हणतं. सासू शेजारी उभी असते तेव्हा पोरगी तुम्हाला मजेत आहे म्हणते, तसलंच ते."

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठला. समोर शटर उघडं होतं, रस्ता मोकळा होता. बायकोने मान खाली घातली. हा आता नेहमीसारखा निघून जाणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

तो शटरपर्यंत गेला. तिथल्या फळीवरचा मोबाइल उचलला आणि डाव्या हाताने चाचपडत नंबर लावला. लेकीने लगेच फोन घेतला. त्याने तोंड उघडायच्या आतच, मजेत आहे बाबा, म्हणून मोकळी झाली.

"ते नाही विचारलं मी," मिस्त्री म्हणाला. "तुझे कपडे भरून ठेव. न्यायला येतोय मी. आत्ता निघतो."

पलीकडे भांडी वाजत होती, कोणीतरी मोठ्याने काहीतरी विचारत होतं. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. मिस्त्री फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला.

"बाबा," लेक अगदी हळू म्हणाली, "गाडी सावकाश चालवा."