गळ्यातला तुकडा

"कापलेला तुकडा फेकायचा नाही," असं म्हणत टिपणीस सरांनी एडिटिंग शिकायला आलेल्या वासंतीच्या गळ्यात फिल्मची पट्टी अडकवली होती. "सिनेमा पुरा होईपर्यंत गळ्यात वागव. आपण काय काढलं, त्याचं ओझं जाणवू दे." संध्याकाळपर्यंत तिचा पार नंदीबैल झालेला असे, आणि सर मिशीत हसत.

आता वासंतीचेही केस पिकले होते आणि सर तिच्या कॉम्प्युटरशेजारी बसले होते. सरांच्या बायकोला, काकूंना, जाऊन वर्ष झालं होतं. लग्नानंतर सरांनी हौसेने काढलेली त्यांची फिल्म तिला नीट जोडून द्यायची होती.

पडद्यावर तरुण काकू लाजून कॅमेऱ्यापुढे हात धरत होत्या. शॉट सगळा धूसर. वासंतीचं बोट बटणावर अडखळलं.

"काढ," सर म्हणाले. "फोकस गेलाय."

"पण सर, काकू हसतायत त्यात."

"वाईट शॉट तो वाईटच. हेच शिकवलं ना तुला?"

तिने बटण दाबलं. काकू दिसेनाशा झाल्या.

सरांनी हात पुढे केला, पडद्यासमोरच्या हवेतून काहीतरी अलगद चिमटीत उचललं आणि आपल्या गळ्यात घातलं.