देवीचं छप्पर

वादळ ओसरल्यावर वनमाला चिखल तुडवत देवळाकडे निघाली. यंदा जत्रेच्या वेळी ती बाळंतीण होती, म्हणून देवीची ओटी भरायची राहून गेली होती. त्यामुळेच देवी कोपली आणि गावावर वादळ आलं, असं शेजारणी तोंडावर बोलत होत्या. आपला दोष लेकीला लागेल, या भीतीनं ती तान्ह्या मुलीला जवळही घेईनाशी झाली होती.

देवळात म्हातारे गुरव एकटेच फुटकी कौलं उचलत होते. त्यांना पाहताच ती रडू लागली. "तात्या, माझ्यामुळे झालं हे सगळं."

"वर बघ, पोरी," ते म्हणाले.

गाभाऱ्यावर छप्पर उरलंच नव्हतं. मूर्ती चिखलानं माखली होती.

"देवीचंही घर गेलं. तिनं कुणाची ओटी चुकवली होती? आणि रागवायला तिला सवड कुठे होती गं? तीही आपल्यासारखी रात्रभर भिजत होती."

वनमाला देवीकडे वळली. मग पुढे होऊन तिनं पदरानं मूर्तीचा चेहरा हलकेच पुसला. तात्यांनी अडवलं नाही.

"घाबरली होतीस का गं?" तिनं देवीला विचारलं, आणि तिला हसू फुटलं.