चौकात तिघं

"घड्याळमा कितला वाजनात?" फोटो डोळ्यांशी धरून प्रमिलाबाईनं विचारलं.

"आकरा," तिचा नवरा भिला म्हणाला.

"तठला आकरा का आपला?"

"तठला. आपला आकराले तठे नुसतं उजाडस."

बाई खुदकन हसली. तापीकाठचं कोरीट सोडून ती फार कुठं गेलेली नव्हती, पण प्राग शहराचा तो जुना चौक तिला तोंडपाठ होता. दगडी फरशी, दोन उंच सुळक्यांचं देऊळ, दर तासाला बाहुल्या बाहेर काढणारं घड्याळ, कबुतरं. आणि मधोमध हेमकांत. एकुलता एक मुलगा, तिथल्या कारखान्यात इंजिनीअर. दर महिन्याला त्याचा फोटो यायचा. कधी बर्फातला, कधी उन्हातला, कधी नाताळच्या दिव्यांतला. भिला सकाळी दाढीबिढी करून नंदुरबारला जायचा, फोटो छापून आणायचा आणि आणला की आधी तिच्या मांडीवर ठेवायचा. मग सगळ्या गल्लीनं तो बघायचा, हे ठरलेलंच.

फोन लावा म्हणून मात्र बाईनं कधी धोशा लावला नाही. भिलाचा पुतण्या भूपेंद्र मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवायचा, तेवढ्यावर तिचं भागायचं. भिलाला वाटायचं, देवानंच राखली.

त्या दिवशी मात्र फोटो खाली ठेवत ती म्हणाली, "आहो, माले एकदाव त्या चौकमा लई चाला. आपू तिन्ही जन संगे उभा ऱ्हाऊ. मंग मी काहीच मांगाव नही."

भिला घाईघाईनं म्हणाला,

"तुन्ही छाती आशी. इमानमा कशी बसशी?"

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली. हट्ट केला असता तर भिला तिच्यावर ओरडला तरी असता. ती गप्प बसली, तेच त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी तो नंदुरबारला अन्वरच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसला. अन्वर त्याचा शाळेपासूनचा सोबती.

"तिले त्या चौकमा जानं शे," भिला म्हणाला.

अन्वरनं कपाळावर हात मारला.

आता खरं सांगायचं तर त्या चौकातला खरा फोटो एकच होता, हेमकांतनं गेल्या गेल्या पाठवलेला. बाकीचे सगळे अन्वरनं कॉम्प्युटरवर बनवलेले. पंधरा महिन्यांपूर्वी, ऐन थंडीत, तिथल्या निसरड्या रस्त्यावर गाडी घसरली आणि हेमकांत गेला. बातमी आली तेव्हा प्रमिलाबाई नाशिकच्या दवाखान्यात होती. हृदयाचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेले. धक्का बसला तर बाई हाताला लागणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. भिला जिन्याखाली गेला, उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून रडला, तोंड धुतलं आणि खाटेपाशी येऊन म्हणाला, "हेमकांतनी तुले इचारेल शे."

पोराला तिकडच्या मित्रांनीच अग्नी दिला. बापाला त्याचं तोंडही दिसलं नाही. हे ठाऊक दोघांनाच, भूपेंद्रला आणि अन्वरला. कोरीटात त्यानं कुणाला वारा लागू दिला नाही.

"भिलाभाऊ, और कितने दिन?" अन्वर म्हणाला. "भाभीला एक दिवस कळणारच."

"ती जगी ऱ्हायनी ना? मंग झायं."

 अन्वरनं भिलाला पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. प्रमिलाबाईचा भाच्याच्या लग्नातला फोटो शोधून काढला.

नवा फोटो हातात पडला तो अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी. भिला बघतच राहिला. टोपी घातलेला तो, डोक्यावर पदर घेतलेली ती आणि दोघांच्या मधे पोरगं. मागं घड्याळ, पायाशी कबुतरं. सगळं खोटं आहे हे माहीत असूनही त्यानं पोराच्या खांद्यावर अंगठा फिरवला.

प्रमिलाबाई धानोऱ्याला होती, धाकट्या भावाकडे, रूपचंदकडे. गेल्या वर्षापासून अखाजीला माहेरीच जाते म्हणायची. भिलाही अडवायचा नाही, तेवढाच तिचा जीव रमतो म्हणून. पण आज त्याला ती परत येईपर्यंत दम निघेना. त्यानं सरळ धानोऱ्याची जीप धरली.

गावात घरोघर घागरी भरणं चाललं होतं. घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या नावानं अखाजीला पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं. ते पाणी त्याला पोचतं म्हणतात. भिला थबकला. पोराच्या माघारी ही दुसरी अखाजी. बायको वाचावी म्हणून त्यानं पोटच्या पोराला तहानेलं ठेवलं होतं, थेंबभर पाण्याचा धनी होऊ दिलं नव्हतं. असला कसला बाप मी, असं मनात आलं आणि भर रस्त्यात डोळे वाहायला लागले. उपरण्यानं तोंड पुसून तो पुढं निघाला.

रूपचंदचं दार उघडंच होतं. मागच्या पडवीत रूपचंद कोऱ्या घागरीत पाणी ओतत होता. शेजारी प्रमिलाबाई हात जोडून बसली होती. रूपचंद आपल्या वडलांच्या नावानं भरत असेल, असं वाटून भिलानं खिशातून फोटो काढला. हाक मारणार, तेवढ्यात ती बोलली.

"हेमू, पानी पे रे. मागला साल सारखं यंदा बी मामाना हातनं पे."

भिला चौकट धरून उभा राहिला.

"ताई," रूपचंद म्हणाला, "आते तरी दाजीस्ले सांगी टाक."

"नको रे भाऊ," ती म्हणाली. "त्या फोटोसाठेच तुन्हा दाजी सकायले उठतस, दाढी करतस, नंदुरबारले जातस. माले समदं मालूम शे, हाई जर त्यासले समजनं, तर त्या आठ दिन बी जगाव नहीत."