बापूंची कोंबडी

लग्नानंतर जावई पहिल्यांदाच मुक्कामाला आला, म्हणून मालनताईंनी घाईघाईत कोंबडी कापली. खुराड्यात तीन होत्या. रस्सा उकळायला लागल्यावर त्यांना बाजूला टाकलेल्या कोंबडीच्या पायात दवाखान्याचा निळा वाळा दिसला.

मधुमेही माणसाला त्याच्या रक्ताशी जुळवलेली कोंबडी दवाखान्यातूनच मिळायची. जुळवायला आठ महिने लागायचे. तिचं अंडं रोज खाल्लं की बापूंच्या पायाची सूज उतरायची. इतर कुठलंही अंडं खाल्लं की चढायची.

"अहो, तुमचीच कापली हो मी," मालनताई स्वयंपाकघरात रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"आता काय तिला टाके घालणार? वाढ. पाहुण्यांना कळू देऊ नकोस."

जावयाने दोनदा रस्सा मागून घेतला. "बापू, तुम्ही नाही घेत?"

"मला शुगर आहे," बापू म्हणाले आणि वरणभात कालवत राहिले. मालनताईंना त्यांच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी निघताना जावई पाया पडायला वाकला. बापूंनी सुजलेला पाय हळूच धोतरात ओढून घेतला.

"आई, पुढच्या खेपेलाही अशीच कोंबडी करा हं."



"करू की," बापू म्हणाले. "फक्त आठ महिन्यांनी या."