कमरेएवढं पाणी

रतनबाईच्या कमरेला चर्चच्या फाटकाची किल्ली होती आणि फाटकाबाहेर अख्खी आळी रिकामे हंडे घेऊन उभी होती. आत हौद काठोकाठ भरलेला. पावसाळा कोरडा गेला, विहिरींनी तळ दाखवला, तरी तिच्या नवऱ्यानं, धुळाजीनं, दूध सोसायटीचा संचालक म्हणून वजन वापरून टँकर आधी इकडं वळवला होता. कशासाठी? तर भिवराबाईच्या बाप्तिस्म्यासाठी!

धुळाजी चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी. तरुणपणी वाहत्या सीना नदीत त्याचा बाप्तिस्मा झालेला. दर रविवारी चर्चमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उठला की तीच नदी, तेच कमरेएवढं पाणी. ऐकून ऐकून रतनबाईचे कान किटले होते.

भिवराबाई पांढरं लुगडं नेसून हौदाच्या काठावर उभी होती. दोन वर्षं तिनं या दिवसाची वाट बघितली. दुपारी ऊसतोडीची गाडी निघणार. आज राहिलं की सहा महिने कारखान्यावर, आणि तिकडं कोण देतंय बाप्तिस्मा?

तेवढ्यात फाटकातून चंद्रभागा ओरडली. पोटुशी बाई, उन्हानं तोंड सुकलेलं. “वडील, एक हंडा तरी द्या की!”

“बाप्तिस्मा होऊ दे. मग न्या सगळं,” धुळाजी म्हणाला.

“पाय बुडवलेलं पाणी पिऊ व्हय आमी?”

भिवरानं फाटकाकडं बघितलं. “वडील, माज्या डोक्यावर तांब्याभर ओता. बाकीचं ह्यांला सोडा.”

“तांब्याभर? अगं, आतला जुना पापी माणूस पाण्यात मेला पायजे! कमरेएवढं पाणी लागतंच. न्हाईतर बाप्तिस्मा न्हाई.”

सगळे बाप्तिस्मा द्यायला आलेल्या पाळकसाहेबांकडं बघायला लागले. साहेब नगरहून यायचे आणि धुळाजीकडंच जेवायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

भिवराचे डोळे भरून आले. तिला हे किती हवं होतं, रतनबाईला ठाऊक होतं. ते लुगडं दोघींनी मिळून धुतलं होतं, प्यायच्या पाण्यातलं पाणी वाचवून. पण भिवरानं पदर खोचला, बादली उचलली आणि हौदात घातली.

“रतनकाकू, फाटक खोला.”

“किल्लीला हात लावू नको!” धुळाजी गरजला.

लग्न झाल्यापासून रतनबाईनं नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता. आज तिनं कमरेची किल्ली सोडली आणि कुलूप काढलं.

बघता बघता हौद आटला. शेवटची बादली भिवरानं चंद्रभागेच्या हंड्यात ओतली. रस्त्यावर मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता. तिनं कोयता घेतला आणि कोरड्या डोक्यानं गाडीत चढली.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा फाटकाबाहेर नवराबायकोच उरली होती.

“विश्वासात लई कच्ची निघाली बाई,” धुळाजी म्हणाला.

रतनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “व्हय, ती कच्ची! अन् तुमी ओ? ती नदी कवाच आटली. तुमी मातर अजून तितंच उबे, कमरेएवढ्या पाण्यात.”

धुळाजीनं तिच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि रिकामा हौद आत ठेवून फाटकाला कुलूप लावलं.