रसमीची भिंत

जहाज नव्या कंपनीकडे गेलं तसं त्याचं निळं अंग पिवळं झालं, नावही बदललं. उरली डायनिंग हॉलची भिंत. तिच्यावर रसमी दुमाडाने तीन महिने खपून वारली लग्न चितारलं होतं, मधोमध नक्षीच्या चौकात लग्नाची देवी पालघाट.

"भिंत ठेवतो, रसमीबाई," नवा मॅनेजर म्हणाला. "फक्त देवीच्या जागी कंपनीचा डॉल्फिन काढून द्या."

"देवीशिवाय आमच्यात लग्न लागत नाही."

"मग दुसरा कुणी काढेल."

रसमीने देवीला हात जोडले, रंगाऱ्याकडून रोलर घेतला आणि स्वतःच भिंत पिवळी करू लागली. तारपा वाजवणारा गेला, वऱ्हाड गेलं, शेवटी देवी. डोळे भरून आले, पण हात थांबला नाही.

"अहो, हे काय केलंत!" मॅनेजर ओरडला.

"काढा आता डॉल्फिन," ती म्हणाली. "जागा भरपूर आहे."