मधल्या धारेतला निकाल

सन १९३१, श्रावणातला सोमवार, सकाळी आठ. टेंभुर्णीजवळ भीमेच्या काठी नावेच्या वादाचा लवाद बसला. गोजरबाई नावाडणीने घेतलेली नाव तळातून पाझरत होती, आणि विकणारे मानसिंगराव ती परत घेत नव्हते. गोजरबाईचे घर त्या नावेवरच चालायचे.

करारात लवाद म्हणून मानसिंगरावांनी स्वतःच्या मेहुण्यालाच नेमले होते. गोजरबाईने हरकत घेतली नव्हती; अंगठा देण्याआधी फक्त एक ओळ वाढवून घेतली होती.

"नावंला काय झालंय? झकास हाय की," मेहुणे काठावरूनच म्हणाले.

"मग बसा की पाव्हणं. निकाल मधल्या धारंत, नावंत बसूनच द्यायचा, असं लिवलंय न्हवं?"

साडेनऊपर्यंत निकाल आलेला नाही. नदीच्या मध्यावर गोजरबाई वल्ही मांडीवर घेऊन स्वस्थ बसली आहे, आणि लवाद पायातल्या जोड्याने पाणी उपसत आहेत.